मामाचे कान

बोलता बोलता मामी मध्येच थांबायची. रस्त्यावरून एखादी गाडी अडखळत गेली की तिचं सगळं लक्ष तिकडे. "एक प्लग मरून राहिला तिचा," असं पुटपुटायची आणि मग आपल्याकडे वळायची, "व्हय, काय म्हणत होतास?"

कनेरगाव नाक्यावर मामाचं गॅरेज आणि घर एकाच पत्र्याखाली होतं. मामाला ऐकू येईनासं झालंय, हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक. "बहिऱ्याकडं कोण गाडी टाकंल?" असं म्हणून मामीच त्याचे कान झाली. गिऱ्हाईक आलं की ती दारात तूर पाखडत बसायची. मामा थरथरणाऱ्या इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढायचा. आवाज बदलला की सूप चालूच राहायचं. वायर काढूनही आवाज तसाच राहिला, म्हणजे बिघाड तिथंच. मग सूप थांबायचं. मामा तिरक्या नजरेनं पाहायचा आणि नेमका तोच प्लग खोलायचा.

आम्हा पोरांना याची गंमत वाटायची. पण सकाळी शटर उघडलं की मामी त्या दारात अडकायची, ती दिवेलागणीपर्यंत. वसमतच्या बहिणीच्या घरी लग्न होतं, तर ही अक्षता टाकून न जेवताच परतली. मी एकदा म्हणालो, "मामी, लोकांना सांगून टाका ना."

"सांगितलं तर गॅरेज बंद," ती म्हणाली. "न्हाई सांगितलं तर मी बंद."

गेल्या उन्हाळ्यात तीच बहीण पाय मोडून पडली. करणारं कोणी नव्हतं, मामीला जावंच लागलं. मामाला सोबत म्हणून मी राहिलो. सेनगावच्या एका मास्तरांची जुनी कार आली, उभ्या जागी गदगदा हलणारी. मामानं सवयीनं दाराकडे पाहिलं. दार रिकामं होतं. क्षणभर तो गोंधळला. मग त्यानं एक तळवा मडगार्डवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं वायर काढली. गाडी जास्तच हलली. पुढची काढली, तरी तेच. तिसरी काढली तेव्हा मात्र हादरा होता तेवढाच राहिला. तो प्लग बदलला आणि इंजिन गुमान चालू लागलं.

मामी परतल्यावर मामानंच हे कौतुकानं सांगितलं. ती त्याच्या कानाशी जाऊन ओरडली, "मंग इतकी वर्षं मला काहून बसवलं?"

"तू होतीस तवर सुचलंच न्हाई," मामा खाली बघत म्हणाला.

त्यानंतरही ती काही दिवस सूप घेऊन दारात बसली. मामा आता तिच्याकडे पाहत नव्हता. मग एका सकाळी पिशवी भरून ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "वसमतच्या गाडीत बसवून दे."

"मावशीचा पाय पुन्हा दुखतोय का?"

"न्हाई. काम काईच न्हाई. जाऊन राहिले नुसती."

"परत कधी येणार?"

"ठरवलं न्हाई," ती खिडकीतून म्हणाली आणि बस सुटली.

गॅरेजात मामा बॉनेटखाली वाकलेला होता. बस गेल्याचं त्याला कळलंच नव्हतं. मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.