पवनीच्या टेकडीवर सोडलेली शिदोरी

बांधकामावर विटा भिजवल्या की त्या वासासरशी मला पवनीची टेकडी आठवते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. टेकडीवर खोदकामात जुना स्तूप निघाला, हे ऐकून बाबा आम्हाला अड्याळहून एस.टी.नं घेऊन आले होते. त्यांनी चपला काढल्या, स्तूपाच्या तापलेल्या विटांवर पाणी शिंपडलं आणि कपाळ टेकवलं.

तेवढ्यात एक काठीवाला माणूस वर आला.

"कोन्या गावचे? काय करून राहिले इथं?"

आईनं माझं मनगट आवळलं.

"अड्याळचे," बाबा म्हणाले. "दर्शनाले आलो."

"इथं कायचं दर्शन? देऊळ तिकडं हाये."

"आमच्या बुद्धाचं."

तो काठी टेकत मागे सरला. समोरच्या झाडाखाली बसून आमच्याकडे पाहत राहिला.

"चला ना घरी," आई पुटपुटली.

"काहून? शिदोरी सोड. इथंच जेवू."

आमच्या बाबांना कशाचीच भीती वाटत नाही, असं वाटून मी तेव्हा पोटभर जेवले. आज मात्र त्यांचा चेहरा दिसतो. भाकरीचा पहिलाच घास ते किती तरी वेळ चावत होते. तो गिळला जात नव्हता आणि तरीही ते उठले नाहीत.