शफीचाचांकडचा न चाललेला सिनेमा

रविवारी दुपारी सोमाटण्याला शफीचाचांकडे गेलो होतो... एक सिनेमा मागायला.

चाचांची पूर्वी तिथे व्हिडिओ लायब्ररी होती. ती बंद करताना गाजलेल्या सिनेमांच्या कॅसेट त्यांनी वाटून टाकल्या. न चाललेले, अर्धवट, विचित्र सिनेमे तेवढे जपून ठेवले. मीही असलेच सिनेमे जमवतो, पण चाचांपुढे मी बालवाडीत! ते म्हणतात, "चांगल्याला सांभाळणारे पुष्कळ हायत. ह्यांना माझ्याशिवाय कोण हाय?"

मला हवा असलेला सिनेमा बेडशात काढलेला. गावातल्या एका मास्तरांनी, लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा मागून आणून. एक माणूस पाठीवर लाकडी दार घेऊन डोंगर चढतो... बस्स, एवढीच गोष्ट. संवाद नाहीत. जगात त्याची एकच कॅसेट, ती चाचांकडे.

मी पोचलो तेव्हा बेडशाच्या एक मावशी येऊन बसल्या होत्या. दार वाहणारा माणूस म्हणजे त्यांचे मालक, त्यांचा नवरा. ते जाऊन बरीच वर्षं झाली, आणि सिनेमा मावशींनी कधी बघितलाच नव्हता. चाचांनी शोध काढून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

कॅसेट लागली. चित्र थरथरत होतं, आडव्या रेघा येत होत्या... पण तो माणूस असा काही चालत होता की माझी नजर हलेना. वाऱ्याने दार कलायचं, तो थांबायचा, तोल सावरायचा, पुन्हा निघायचा. शिकून हे जमत नाही.

आणि मध्येच तो थांबला. कॅमेऱ्यामागे बघून ओरडला, "अगं ए, वाईच पानी आन गं!"

"आनते, आनते," म्हणत मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्या...

मावशी परत बसल्या, पदर डोळ्यांना लावला आणि हसायलाच लागल्या. "घरात फोटू हाय. पन आवाज न्हवता," म्हणाल्या. "पुन्यांदा लावा की, भाऊ."

पाण्याचं ते वाक्य सिनेमात चुकून आलं होतं. मास्तरांकडे दुसरी कॅसेट नव्हती, म्हणून तसंच राहिलं, असं चाचा म्हणाले. सफाईदार सिनेमात ते कापलं गेलं असतं.

मी कॅसेट मागितलीच नाही. उलट मीच कॉपी करून द्यायचं कबूल केलं... पहिली मावशींना. बुरशी पुसून पुसून असले सिनेमे जगवणाऱ्या चाचांचे आभार कसे मानायचे, अजून सुचलेलं नाही.

त्या दुपारी आम्ही तो सिनेमा तीनदा बघितला. मावशींनी तिन्ही वेळा ओ दिली.