तिकडे कोण जातंय?

आमच्या सर्व्हरवर बारा जण आले की मला कोण आनंद व्हायचा. जव्हारला तालुक्याच्या कचेरीत मी कारकून. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एका फुकट मिळणाऱ्या खेळाचा सर्व्हर मी स्वतः बसवला होता. दोन बाजू, लाल आणि निळी. समोरच्यांचा झेंडा पळवून आपल्या घरात आणायचा, पाच झेंडे आधी आणतील ते जिंकले. रविवारी दुपारी जामसर, मोखाडा, जव्हार, सगळीकडून लोक मोबाइलवरून यायचे.

पण टिकायचे नाहीत. मोखाड्याचे एक गुरुजी होते, आश्रमशाळेत गणित शिकवणारे, पन्नाशीचे. ते ज्या बाजूला, ती बाजू जिंकणार हे ठरलेलंच. तीन झेंडे गेले की हरणारे एकेक करून गळायचे. जामसरची एक अंगणवाडी मदतनीस तर दर वेळी "नेट गेलं" लिहून सगळ्यांत आधी पळायची. पंधरा मिनिटांत मैदान ओस.

मग मी सेटिंगमध्ये एक खूण केली: एक बाजू फार पुढे गेली की तिचा सर्वांत भारी खेळाडू आपोआप दुसरीकडे. मला वाटलं, झालं काम! त्या रविवारी गुरुजी निळ्यांचा झेंडा घेऊन सुसाट येत होते, घर दोन पावलांवर, आणि अचानक त्यांचाच सदरा निळा झाला. झेंडा हातातून गेला. गुरुजी खेळातून बाहेर पडले. त्यांच्यामागोमाग मोखाड्याचे बाकीचे पाच जण. पुढच्या रविवारी आम्ही चौघंच.

मी फोन केला. "गुरुजी, रागावलात?"

"रागावू नको तर काय करू, मॅडम? चांगलं खेळलो त्याची शिक्षा?"

"पण समोरचे कंटाळून जातात हो."

ते म्हणाले, "वर्गात हुशार पोराला कच्च्या पोरांच्या गटात बसवतो ना, तेव्हा आधी त्याला विचारतो. हाताला धरून ओढत नाही. तुम्ही विचारा की."

एवढं साधं! आठवडाभर कचेरीतून आल्या आल्या मी त्या कॉम्प्युटरपुढे. प्रोग्रामच्या चार ओळी लिहायच्या, तीन चुकायच्या. शनिवारी जमलं. तीन झेंड्यांचा फरक पडला की खेळ दहा सेकंद थांबणार आणि पुढे असलेल्यांच्या पडद्यावर येणार: 'तिकडे कोण जातंय?' जो जाईल त्याचे स्वतःचे गुण त्याच्याकडेच राहणार.

रविवारी बारा जण आले, गुरुजीही. लाल चार, निळे एक. खेळ थांबला. दहा, नऊ, आठ... कोणी काही लिहीना. तीन राहिले तेव्हा गुरुजींचं एकच अक्षर आलं: "मी."

आणि ते निळ्यांत गेल्यावर झेंड्यामागे धावलेच नाहीत! आपल्या घराच्या दारात उभे राहिले आणि लिहीत सुटले, "तुम्ही पुढं व्हा, दार मी धरतो." निळे दोन. निळे तीन. मी खेळायचं विसरून खुर्चीवरून उठले. निळे चार! दोन्हीकडून मेसेजचा नुसता पाऊस. लाल बाजूचे दोघं दारावर तुटून पडले, गुरुजींनी दोघांना अडवलं, आणि डावीकडच्या भिंतीला चिकटून, हळूहळू, अंगणवाडीची ती ताई लालांचा झेंडा घेऊन आली. घरात शिरली. पाच!

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या काकू खिडकीशी आल्या. "काय गं, खात्याची परीक्षा पास झालीस का?"

"जिंकलो, काकू!" म्हटलं. खरं तर मी लाल बाजूला होते.

पडद्यावर अजून बाराही नावं होती. ताईनं लिहिलं, "गुरुजी, आता माझ्याविरुद्ध खेळा." कॉम्प्युटर तापून घरघरत होता. मी टेबलफॅन ओढून त्याच्याकडे वळवला आणि दुसरा डाव लावला.