शकीला मॅडमचा धक्का

तीर्थपुरीच्या आमच्या शाळेत शकीला मॅडम विज्ञान शिकवायच्या. पुस्तक उघडण्याआधी त्या टेबलाला एक धक्का द्यायच्या. टेबल सरकायचं. मग वर्गातल्या सगळ्यात दणकट पोराला त्यावर बसवून पुन्हा तेवढाच धक्का. टेबल ढिम्म. "जोर तोच, वजन वाढलं. मंग हलंल कसं? लिहून घ्या."

पुढं मोठा झाल्यावर मी आंदोलनाची पत्रकं काढायला लागलो. शाळेच्या फाटकासमोरून उसाच्या जोडट्रॉल्या सुसाट जायच्या. सातवीतली एक मुलगी थोडक्यात वाचली, तरी रस्त्याचं खातं घोरत पडलं होतं. हेच वाक्य ठळक छापून मी मॅडमकडे नेलं. खाली चौदा मागण्या. मॅडमनी लाल पेन काढला.

"ढकलणारे किती?"

"मी धरून चौघं."

"चौघांचा जोर, चौदा मागण्यांचं वजन. हलंल का, बेटा?"

तेरा मागण्या खोडल्या. त्यात जागतिक भांडवलशाहीचा निषेधही गेला. मी तणतणलो. उरला एकटा गतिरोधक.

रस्त्याचे साहेब पाहणीला आले. "गतिरोधक कशाला? ड्रायव्हरनं ब्रेक मारावा," म्हणाले. पगार कशाचा घेता, असं मी विचारणार होतो, पण मॅडमनी माझ्या पायावर पाय दिला. मग त्यांनी पोषण आहाराची पोती आणायचा शाळेचा हातगाडा मागवला. "साहेब, आम्ही ढकलतो, तुम्ही थांबवा."

रिकामा गाडा साहेबांनी एका हातानं थांबवला, वर हसलेही. मॅडम मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "सर, बसा." सर चांगलेच भारदस्त. बसले बिचारे. आता मॅडमच्या जोडीला आम्ही चौघंही लागलो. वेग मघाइतकाच ठेवला. साहेबांनी दोन्ही हात लावले, पाय रोवले आणि तसेच घसरत पार गुलमोहरापर्यंत जाऊन आपटले. गाड्यावरून सर कळवळून सांगत होते, "साहेब, ब्रेक मारा की."

साहेब पँट झटकत उठले. मॅडम म्हणाल्या, "ट्रॉलीत ऊस राहतो, साहेब. आन समोर पोरगी."

महिनाभरात गतिरोधक झाला. रागानं केल्यासारखा उंच.

निवृत्त झाल्यावर मॅडम परतूरला लेकाकडे निघाल्या. पोचवायला मी रिक्षात सोबत बसलो. फाटकासमोर रिक्षा आदळली, मॅडमचं डोकं वर टपाला लागलं. रिक्षावाल्यानं हा गतिरोधक मागणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडमनी डोकं चोळत मला गप्प केलं.

"देऊ दे शिव्या. हळू झाला का न्हाई?"