भुवईपासून केसांपर्यंत

आमच्या समाजाच्या वधू-वर सूचक मंडळात मी सहा-सात वर्षं दर रविवारी बसत होतो. पनवेलच्या जुन्या भागात एका सभासदाचं धान्याचं दुकान बंद पडलं होतं, तिथे मंडळाचं टेबल आणि दोन कपाटं होती. मी शाळेतल्या कारकुनाच्या नोकरीतून नुकताच निवृत्त झालो होतो, अक्षर चांगलं होतं, म्हणून फॉर्म तपासायचं काम माझ्याकडे आलं. त्या टेबलावर माझ्या हातून एका मुलाचं नुकसान झालं आणि त्याच्या आईचं त्याहून जास्त. ते कसं झालं ते लिहितो. नावं घालत नाही. त्याचं कारण शेवटी येईल.

जन्मतारखेवर संशय घ्यायची सवय कारकुनाला नोकरीतच लागते. पूर्वी आईबाप मुलाला शाळेत घालायला आणत तेव्हा अनेकांना तारीख सांगता येत नसे. गुरुजी मग एक जून लिहून मोकळे होत. आमच्या जनरल रजिस्टरमध्ये पानंच्या पानं एक जूनची होती. "एक जूनला खरं कुणी जन्मतच नाही," असं आम्ही ऑफिसात चहा पिताना म्हणायचो. चौतीस वर्षं म्हणून म्हणून ते मला खरंच वाटायला लागलं होतं.

मुलगा उरणकडचा. वडील वारले होते, आई मासळी विकायची, मुलगा बंदराजवळच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. चोवीस वर्षांचा असताना त्याने पहिला फॉर्म भरला होता. मंडळाचा नियम असा की तीन वर्षांत लग्न जमलं नाही तर फॉर्म नव्याने भरायचा, नवा फोटो लावायचा. तसा तो सत्ताविसाव्या वर्षी आला. जन्मतारीख, एक जून.

मी जुना फॉर्म काढून नव्याशेजारी ठेवला. जुन्या फोटोत केस कपाळावर सरळ आडवे आलेले होते, भुवयांपासून फार तर तीन बोटांवर. नव्यात कपाळाचे दोन्ही कोपरे मागे गेले होते आणि मध्ये केसांचं टोक तेवढं पुढे राहिलं होतं. मी टेबलाच्या खणातली फूटपट्टी घेतली आणि भुवईपासून केसांपर्यंतचं अंतर मोजलं. दोन्ही फोटोंचे आकार वेगळे होते, म्हणून भुवईपासून हनुवटीपर्यंतही मोजलं आणि कागदावर भागाकार केला. तीन वर्षांत एवढं कपाळ वर जात नाही, असं माझं उत्तर आलं. जुना फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरून काढलेला होता, म्हणजे पहिल्या वर्षाचा. दोन फोटोंमध्ये तीन नव्हे, आठ-नऊ वर्षं होती. हे मला तेव्हा सुचलं नाही. एक जून पाहिल्यावर मी दुसरं काही सुचू दिलं नाही, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात मी लाल पेनाने लिहिलं, 'वय तपासावे.'

हे शेरे कमिटीपुरते असायचे, पण मुलीकडची मंडळी टेबलाशी बसून फाईल चाळत, तेव्हा ते सगळेच वाचत. नेरे गावच्या एका गृहस्थांनी मुलगा पाहिला, त्यांच्या मुलीला तो आवडला. पुढच्या रविवारी ते माझ्याकडे आले.

"साहेब, पोरीचा होकार आहे. पण ते लाल अक्षर कसलं?"

"वाचलंत ना? मग बघून घ्या."

"किती असेल हो खरं?"

"बत्तीस तरी."

बत्तीस हा आकडा मी कुठून काढला ते मला आजही सांगता येणार नाही. भागाकारात तो नव्हता. त्या गृहस्थांनी मान डोलावली आणि दुसऱ्या मुलांचे फॉर्म मागितले. त्यानंतर आणखी चार घरांनी विचारलं. चौघांनाही मी तेच सांगितलं.

दोन महिन्यांनी मुलाची आई आली. पनवेलच्या बाजारात मासळी विकून आली होती, रिकामी पाटी तिने दुकानाच्या पायरीवर ठेवली.

"भाऊ, माज्या पोराच्या कागदावर काय लिवलंय तुमी?"

"मावशी, तारखेत घोळ आहे. एक जून लावलीय."

"एक जूनच हाय. त्या दिशी गावात होड्या वर काढल्या. सगले बाप्ये दोर ओढाला गेलेले, दाईला बोलवाला घरात कुनी नाय. म्हातारी सासू गेली काठी टेकत."

"आणि साल?"

"आमच्या होडीला इंजन बसवला त्याच साली."

"मावशी, अशा खुणांवरून सालं ठरत नाहीत. चार-पाच वर्षं इकडची तिकडे होतात. तुम्हाला आता नीट आठवत नसेल."

"माज्या पोराचा जल्म मना आठवनार नाय?"

"मी चौतीस वर्षं हेच काम केलंय," मी म्हणालो. आवाज चढवला नव्हता. समजुतीने बोललो, आणि त्यानेच जास्त बिघडलं. ती पाटी उचलून गेली.

माझे वडीलही खाडीवरचेच. पावसाच्या तोंडावर गावातल्या होड्या एकाच दिवशी पाण्यातून वर काढतात, आणि तो दिवस गावात कुणी विसरत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी स्वतः दोर ओढलेला आहे. पण शाळेत नोकरीला लागल्यावर मी 'नाय' म्हणायचं सोडलं आणि 'नाय' म्हणणाऱ्यांच्या आठवणीवर विश्वास ठेवायचंही सोडलं.

पुढच्या महिन्यात तिने ग्रामपंचायतीचा जन्मनोंदीचा उतारा मुलाच्या हाती पाठवला. मुलगा कागद टेबलावर ठेवून उभा राहिला. मी तो न वाचता फॉर्मच्या मागे टाचला. लाल शेरा तसाच राहिला.

असं दीडेक वर्ष गेलं. मी ज्याच्याकडे तीस वर्षं केस कापून घेत होतो तो न्हावी माझ्याच वयाचा होता. दुकान आता त्याचा मुलगा चालवायचा, पण माझं डोकं तो स्वतः करायचा. एकदा बोलता बोलता मी आपली हुशारी म्हणून त्याला फूटपट्टीची गोष्ट सांगितली. त्याने कात्री थांबवली.

"साहेब, हे कुणाला सांगितलं नाहीत ना?"

"का?"

"लोक हसतील. अहो, शाळकरी पोराचा काठ आणि बाप्याचा काठ वेगळा असतो." केस जिथे सुरू होतात त्या रेषेला तो काठ म्हणायचा, साडीच्या काठासारखा. "अठरा-वीसनंतर काठ वर सरकतो. सगळ्यांचाच. कुणाचा अर्धं बोट, कुणाचा दीड. आधी कोपरे जातात. बऱ्याच जणांचा तिशीच्या आत तिथेच थांबतो, मग पुढे वीस-वीस वर्षं हलत नाही. काहींचा थांबत नाही, त्यांचं टक्कल."

"तो मुलगा यार्डात दिवसभर हेल्मेट घालतो. त्याने असेल?"

"हेल्मेटने घाम येतो. काठ बापाकडून येतो, नाहीतर आईच्या घराण्याकडून."

"मग केस बघून वय सांगता येत नाही?"

"मला येत नाही, आणि मी पन्नास वर्षं डोकी बघतोय. कान बघून सांगेन एक वेळ. कानात केस आले की माणूस साठीला आला." त्याने माझा कान दोन बोटांत धरला आणि आत कात्री घातली. "तुमचे स्वतःचे कोपरे पंचविशीत गेले होते. मीच बघितलेत."

"तू मला पंचविशीत कुठे बघितलंस?"

"तुमच्या घरी लग्नाचा फोटो टांगलाय, तो."

घरी जाऊन मी फोटो भिंतीवरून काढला आणि पुसला. मुंडावळ्यांच्या दोन्ही बाजूंना कपाळ चांगलं आतपर्यंत गेलेलं होतं. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. आमची ही स्वयंपाकघरातून बघत होती.

"काय शोधताय?"

मी सांगितलं. फूटपट्टीपासून बत्तीसपर्यंत सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "माझ्या वडिलांनी तुमच्याबद्दलही विचारलं होतं. मुलगा खरंच सव्वीसचा का? मध्यस्थ म्हणाला, कारकून आहे, डोक्याचं काम असतं. वडिलांना पटलं." मग तिने हात पुसत स्वतःचा भांग दाखवला. "हाही बघा. लग्नात करंगळीएवढा नव्हता. आता अंगठा मावतो. माझंही वय तपासा."

त्या रविवारी मी मंडळात लवकर गेलो आणि टाचलेला उतारा प्रथमच वाचला. नोंद जन्मानंतर सहाव्या दिवशी झालेली, बापाने केलेली. नोंदीला अनुक्रमांक होता. असा क्रमांक मागाहून जुन्या रजिस्टरात घुसवता येत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मुलगा त्याने लिहिलं होतं तेवढ्याच वयाचा होता.

मग मी जे केलं ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. मी कोरा फॉर्म घेतला, माझ्या हाताने त्याची सगळी माहिती उतरवली, फोटो सोडवून त्यावर चिकटवला आणि लाल शेऱ्याचा फॉर्म फाडून टाकला. कमिटीला सांगितलं नाही. त्या पाच घरांना सांगितलं नाही. नेऱ्याच्या मुलीचं तोवर दुसरीकडे लग्न झालं होतं. आणि त्या आईला सांगितलं नाही. कागद दुरुस्त झाला म्हणजे काम झालं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण लोक कागदावरचं विसरतात आणि ऐकलेलं धरून ठेवतात. पुढची पाच-सहा वर्षं त्या मुलाचं स्थळ निघालं की कुणीतरी म्हणायचंच, त्याच्या वयाचं काहीतरी होतं ना?

शेवटी त्याने खारघरला राहणाऱ्या एका मुलीशी स्वतःच लग्न जमवलं. तिशी केव्हाच उलटली होती. तोवर लोक मोबाइलवर स्थळं बघायला लागले होते, मंडळ बंद पडलं. मला वाटलं, संपलं.

मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या तपासणीसाठी मी पनवेलच्या एका दवाखान्यात बसलो होतो. पुढच्या बाकावर त्या मुलाची आई बसली होती. मी ओळखलं, तिला दिसत नव्हतं. नर्सने वय विचारलं. सून उत्तर देणार तेवढ्यात तीच म्हणाली, "मना विचारू नको बाय. तारखा माज्या ध्यानात रात नाय. पोराची पन चुकीची सांगत व्हती मी. एक साहेब व्हते, त्यांनी सांगितला तवा समजला."

मी माझा नंबर यायच्या आधी उठून घरी आलो.

पंधरा दिवस काढले आणि मग एसटीने उरणला गेलो. घर शोधायला त्रास पडला नाही. मुलगा घरी होता. चाळिशीच्या आसपास, कपाळाचे कोपरे होते तिथेच, केसांचं टोक होतं तिथेच. न्हाव्याने सांगितलं होतं तसा काठ थांबलेला. मी दारातच सांगायला सुरुवात केली.

"ठाऊक आहे, काका," तो म्हणाला. "उतारा द्यायला आलो तेव्हाच शेरा वाचला होता. पुढच्या खेपेला फाईल बघितली तेव्हा फॉर्म बदललात तेही कळलं. अक्षर तुमचं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? माझं झालं सगळं, बरं चाललंय. आईचं मात्र वाईट वाटतं. एक जूनला मला ओवाळते आणि दर वर्षी विचारते, बाबा, तुझा खरा दिवस कुठला रे? मी सांगतो हाच, तर म्हणते, तू मन राखायला सांगतोस."

ती ओटीवर सुकट निवडत बसली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, फूटपट्टीही. तिचे हात चालूच होते.

"मी तवा काय तारीख सांगितली व्हती तुमाला?"

"एक जून."

"आनि साल?"

"होडीला इंजिन बसवलं ते."

"मंग माजी चूक नाय."

"नाही मावशी. माझी."

सुनेने चहा आणला तो माझ्यापुढे तसाच राहिला. मग मावशीने माझ्या डोक्याकडे बघितलं. तिथे आता काठ असा उरलेला नाही.

"तुमचा वय किती?"

"पंच्याहत्तर."

"मना तं नव्वद वाटला," ती म्हणाली. मुलगा हसला, ती हसली नाही. "तवा तुमी लिवला तो सगल्यांनी वाचला. आता पन लिवून द्या. सगल्यांनी वाचला पायजे."

"नावं नकोत, काका," मुलगा म्हणाला. "पोरगी शाळेत जाते. आई आपलं आपण ओळखेल."

म्हणून हे नावाशिवाय लिहिलं. हे आधी तिच्या घरी जाईल आणि सून तिला वाचून दाखवेल. कोपऱ्यातला जुना शेरा मी फाडला होता, त्या जागी लिहायला हवं होतं ते इथे लिहितो. मुलाची जन्मतारीख एक जून. साल, त्यांच्या होडीला इंजिन बसवलं ते. आईने सांगितलेलं. तपासलं, बरोबर आहे.