छत्रीबागेतली आमची पहिली मीटिंग

परवा नातीबरोबर इंदूरजवळच्या राऊला गेले होते. ती एका संस्थेत काम करते, बायकांसाठी वर्कशॉप घेते. सगळ्यांना जमिनीवर गोल बसवून म्हणते कशी, "आजी, हे सर्कल सीटिंग. नवीन मेथड आहे!" मला इतकं हसू फुटलं की शेजारच्या बाईने पाण्याचा ग्लास पुढे केला…

नव्वदी जवळ आली, बोटं की-पॅडवर चुकतात, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय आता राहवणार नाही.

मध्यप्रदेश व्हायच्या आधीचे, मध्यभारत राज्याचे दिवस होते. सरकार अर्धं वर्ष ग्वाल्हेरला, अर्धं इंदूरला. आम्ही इंदूरच्या छत्रीबागेत राहत होतो आणि मी कॉलेजात नुकती गेले होते, म्हणजे अंगात काय वारं भरलं असेल विचारू नका! गल्लीत महिला मंडळ काढलं होतं आणि त्याची सेक्रेटरी अर्थातच मी.

आमच्या गल्लीत एक सरकारी खोली बंद पडून होती. मंडळाला ती बायकांना दुपारी शिकवायच्या क्लाससाठी हवी होती आणि एका व्यापाऱ्याला गोदामासाठी. समाजकल्याणच्या अधिकारी बाई म्हणाल्या, मी येते, बायकांच्या तोंडून ऐकते, मग ठरवू.

माझा जीव अडकला होता तो सुमनवहिनीसाठी. माझ्या थोरल्या भावाची बायको… लग्न झालं आणि शाळा सुटली. मिडलची, म्हणजे आठवीची परीक्षा द्यायची तिची फार इच्छा, पण हे ती फक्त मला सांगायची, तेही भांडी घासताना. त्या मीटिंगमध्ये वहिनी स्वतः उठून बोलणार असं आमचं ठरलं होतं. काय बोलायचं ते तिने माझ्यासमोर कितीदा तरी म्हणून दाखवलं होतं!

मी तयारीला लागले. मीटिंग म्हणजे कशी, कॉलेजसारखी झोकात व्हायला हवी! मंडपवाल्याकडून खुर्च्या आणवल्या. तो म्हणाला, "बेनजी, औरतों की मीटिंग में कुर्सी का क्या काम? जाजम ले जाओ." मी त्याला चांगलंच झापलं… बायका काय खुर्चीवर बसू शकत नाहीत?

अधिकारी बाई आल्या. गल्लीतल्या सासवा ऐटीत पुढच्या रांगेत बसल्या, मधोमध माझी आई. खुर्चीवर बसायची तिला कोण हौस! आणि सुना… सगळ्या सुना डोक्यावर पदर घेऊन मागे भिंतीला टेकून उभ्या. मधल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

मी "बसा, बसा" करत फिरले. एक बसेल तर शपथ. बाईंनी विचारलं, "किसी बहन को कुछ कहना है?" चिडीचूप! मी वहिनीकडे पाहिलं तर तिची मान खाली. बाईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. बाई पर्स उचलत म्हणाल्या, "लगता है यहाँ ज़रूरत नहीं है."

धावत वहिनीजवळ गेले आणि म्हटलं, अगं बोल ना! तिने फक्त डोळ्यांनी आईची खुर्ची दाखवली…

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सासूसमोर सून खुर्चीवर बसत नाही आणि तिच्यादेखत उभं राहून भाषण तर त्याहून नाही! मी घरची लेक. मला कुठेही बसायची, काहीही बोलायची मुभा, म्हणून इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती.

मी आईच्या कानाशी लागले. म्हटलं, आई, खाली बस, नाहीतर वहिनी बोलणार नाही. आईने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता इथेच माझी खरडपट्टी निघणार. मग मागे वळून वहिनीकडे पाहिलं… बराच वेळ. आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"चला गं, खाली बसा सगळ्या. ह्या कुर्सीत माझी कमर दुखून राहिली."

आई बसली म्हटल्यावर बाकीच्या सासवाही बसल्या. मी धडाधड खुर्च्या बाजूला ओढल्या आणि सुनांना सासवांच्या पाठीमागे बसवलं. आता उभं राहून बोलायला नको आणि कुणाचे डोळे कुणावर नाहीत! आणि मागून एक बारीक आवाज आला, "मला मिडलची परीक्षा द्यायची आहे…"

सुमनवहिनी! मी आनंदाने अक्षरशः उडी मारली. तिचं ऐकून दुसरी बोलली, मग तिसरी, मग तर कुणाला थांबवावं कळेना. बाईंनी पर्स खाली ठेवली.

मग त्यांनी वहिनीला विचारलं, "घरवाले आने देंगे?"

तर आईच, मान न वळवता, समोर बघत म्हणाली, "आने देंगे म्हणजे? मी भेजून देईन! दुपारची चाय मी करून घेईन. तुम्ही ताला खोला, बस."

खोली मिळाली! क्लासच्या पहिल्या दुपारी वहिनी सूप घेऊन गहू पाखडत घुटमळत बसली होती. आईने ते तिच्या हातून ओढून घेतलं आणि म्हणाली, "उशीर होऊन राहिला, जा." मग आई दारात उभी राहून, कुणी विचारो न विचारो, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की आमची सून क्लासला गेली.

वहिनी मिडल पास झाली, पुढे शाळेत शिक्षिका झाली. माझ्या आईला मात्र अक्षरओळख नव्हती. वहिनी शाळेतून आली की आई आधी तिच्या हातात पेपर द्यायची आणि समोर मांडी घालून ऐकत बसायची.

दोघीही आता नाहीत. आई, आज तू असतीस तर हे सगळं तुझ्या सुनेनेच तुला वाचून दाखवलं असतं…