विचारायचं राहिलेलं घर

घर कुणाला नको असतं? पण ॲम्ब्रोझ प्रीसला एकच घर हवं होतं, ओढ्याकाठचं, गफबाईंचं.

तो राहायचा भावाच्या शेताच्या कोपऱ्यात, कॅरव्हॅनमध्ये. तिची चाकं कधीच गेलेली, नुसती विटांवर उभी. थंडीत आतून भिंतींना घाम फुटायचा आणि उशीला बुरशीचा वास यायचा. भावजय चांगली होती. पण दर रविवारी जेवायला येणाऱ्या दिराला चांगली बाईसुद्धा बटाटे मोजूनच वाढते, हे त्याच्या ध्यानात येत होतं.

धंदे दोन. चर्चच्या आवारात कबरी खणायच्या, आणि थंडीत शेतांच्या वया, म्हणजे जिवंत कुंपणं, विणायच्या. वई विणायची म्हणजे उभं काटेरी झुडूप बुडाशी जवळजवळ तोडून आडवं निजवायचं, पण मरू द्यायचं नाही. त्या कामात ॲम्ब्रोझचा हात धरणारा आमच्या थॉर्नलो गावात नव्हता, सरहद्दीपलीकडच्या वेल्समध्येही नव्हता. वेल्सचे लोक हे मानायचे नाहीत, पण बोलावणं त्यालाच धाडायचे.

गफबाई गावच्या शाळेतल्या जुन्या मास्तरीणबाई. त्यांच्या परसाची वई तो मिसरूड फुटायच्या आधीपासून विणत आला. काम झालं की बाई त्याला स्वयंपाकघरात चहा द्यायच्या. मग संध्याकाळी माझ्या पबात येऊन तो सांगायचा, "त्या लोखंडी चुलीमागली भितच गरम असती बग. पाठ टेकली की हाडं इरगळत्यात."

माझी बायको ग्वेन म्हणायची, "बाकीचे गडी बाईमाणसाबद्दल असं बोलतात रे. तू भिंतीबद्दल बोलतोस."

"भित कुटं पळून जात न्हाई," तो म्हणायचा.

त्याचा हात अगदीच रिकामा होता असंही नाही. भावानं रस्त्याकडचं शेत विकलं तेव्हाची वाटणी त्यानं तशीच ठेवली होती. कोटसुद्धा नवा घेतला नाही. गफबाईंचे गुडघे गेलेले, जिना चढताना मध्येच बसायच्या. लडलोला बहिणीकडं जायचं त्यांच्या मनात होतं, हे गावाला ठाऊक होतं.

"मग विचार की," मी म्हणायचो.

"काय इचारू? बाई, तुमी कवा हलताय? मी कबरी खननारा मानूस, गड्या. मी नुसतं 'कसं हाय' म्हनलं तरी लोक दार लावून घेत्यात."

ते खोटं नव्हतं. एका उन्हाळ्यात म्हातारा टज सफरचंदाखाली आडवा पडला होता. हा वाटेनं जाताना सहज बोलून गेला, "लांब हाईस की रं तू!" तर खड्ड्याचं माप घेतलं समजून टजनं अंथरूण धरलं ते डॉक्टर येईस्तोवर.

आणि आमच्याकडची रीतही तशीच. जित्या माणसाला त्याचं राहतं घर मागायचं म्हणजे त्याच्या तोंडावर चादर ओढायची. हवेबद्दल बोलावं, मेंढरांबद्दल बोलावं. घराचा विषय घरवाल्यानं काढायचा. ॲम्ब्रोझ तेवढ्यासाठी थांबला होता.

त्या मे महिन्यात लंडनची एक जोडी टेकड्या तुडवत आली. रुपर्ट आणि नाओमी. गफबाई फाटकापाशी वाफ्यातलं तण काढत होत्या. नाओमी थांबली आणि सरळ म्हणाली, "किती गोड घर आहे! तुम्ही हे विकाल का हो?"

तो सवाल गावानं आठवडाभर चघळला. ओळख नाही, हवेबद्दल एक शब्द नाही, आणि घर मागितलं! बाईंनी त्यांना रविवारी या म्हणून सांगितलं, आणि शनिवारी ॲम्ब्रोझला चहाला बोलावलं. वईत पाखरांनी घरटी केली होती, तेव्हा कोयता लावायचे ते दिवस नव्हते. कामाचं काही निमित्तच नव्हतं. बाईंनी फळांचा केक काढला होता.

पुढचं त्यानंच त्या संध्याकाळी पबात आम्हाला सांगितलं.

"लंडनचे लोक आले होते, ॲम्ब्रोझ."

"ऐकलं, बाई."

"घर मागत होते. मी अजून शब्द दिलेला नाही."

"व्हय."

बाईंनी चहाच्या किटलीवर ऊब धरायची लोकरीची टोपी चढवली, काढली, पुन्हा चढवली.

"तुला काय वाटतं?"

"मानसं बरी दिसत्यात. जाताना त्या बाईनं फाटक नीट लावलं."

"फाटक लावलं म्हणतोस."

"लई जनं उघडं टाकून जात्यात, बाई. मग मेंढरं घुसत्यात."

"असं. मग बरंच आहे," बाई म्हणाल्या आणि केकचा आणखी एक तुकडा त्याच्या बशीत ठेवला.

ग्वेननं हातातला ग्लास खाली आदळला. "अरे गाढवा! तुला बोलावलं कशाला होतं? केक संपवायला?"

"मला द्यायचं आसतं तर बोलल्या आसत्या की."

"आणि तुला घ्यायचं असतं तर तू बोलला असतास, असं त्या म्हणत बसल्या असतील तिकडं!"

ॲम्ब्रोझ अर्धी बिअर तशीच टाकून उठला. रविवारी सकाळी दाढी करून, पुरायच्या वेळी घालायचा तो काळा कोट चढवून बाईंकडं गेला. फाटकापाशी लंडनची गाडी उभी होती. तो तसाच ओढ्याच्या कडेनं मागं फिरला.

घर लंडनच्या जोडीला गेलं, आणि ऑक्टोबरात बाईंचं सामान हलवायला मी माझी गाडी नेली; ॲम्ब्रोझ हाताखाली होता. बाईंचा भाचा त्यांना लडलोला घेऊन जाणार होता. भाच्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्यावर त्यांनी काच खाली केली.

"एकदा तरी विचारायचं होतंस, ॲम्ब्रोझ."

"तुमी ऱ्हात व्हता, बाई. कसं इचारायचं?"

"आणि मी कसं विचारणार? पैसे कमी पडले असते तर माझ्यापुढं तुला तसं सांगावं लागलं असतं. ते मला बघवलं नसतं."

भाच्यानं गाडी सुरू केली. बाई म्हणाल्या, "ओढ्याला पाणी कमी आहे यंदा."

"लई कमी," ॲम्ब्रोझ म्हणाला.

नव्या मालकांना चावी द्यायचं काम बाईंनी त्याच्यावर सोपवलं होतं. मी माझ्या गाडीत शेवटची खोकी रचत होतो, तेवढ्यात धुराड्यातून धूर निघायला लागला. त्यानं चूल पेटवली होती. गारठ्या घरात माणसं कशी यायची, म्हणाला. फरशीही झाडून काढली. मग रिकाम्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी उभा राहिला. घरात त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

लंडनची जोडी आली. त्यांनी आपल्याच दारावर टकटक केली. ॲम्ब्रोझनं आतून दार उघडलं.

"या," तो म्हणाला, "आत या."

नाओमीनं पायपुसण्यावर बूट घासले, परक्याच्या घरी घासावेत तसे. रुपर्टनं टोपी काढली. दोघं आत आली, ऊब लागल्यावर हसली, आणि पाहुण्यासारखी भिंतीकडेला उभी राहिली. ॲम्ब्रोझ दाराची कडी धरून होता. त्यानं नाओमीच्या हातात चावी दिली. पण आता बाहेर कुणी पडायचं, हे थोडा वेळ त्या तिघांनाही उमगलं नाही.